डाव्या दिव्याचं ऑपरेशन

दादांची गाडी दवाखान्याच्या पाटीवर आपटली, तेव्हा डॉक्टर आत चहा ओतत होते. आवाज ऐकून त्यांनी किटली खाली ठेवली नाही. शनिवारी संध्याकाळी दवाखाना आवरला की दादा आणि वहिनी चहाला येत, आणि येताना गाडी कशाला ना कशाला तरी लागत असे. आधी कुंड्यांचा नंबर लागला, मग पायरीचा. आज पाटीची पाळी होती. पाटी चांगली माणसाच्या उंचीची, दोन लोखंडी खांबांवर रोवलेली, आणि तिच्यावर पापण्यांसकट एक भलाथोरला डोळा रंगवलेला. आसपासचे लोक पत्ता सांगताना "तो मोठा डोळा दिसला की वळा" असं सांगत. एवढी पाटी न दिसणं सोपं नव्हतं. दादांनी ते जमवलं होतं.

"दिवे," आत येता येता दादांनी जाहीर केलं. "गाडीचे दिवे पार अंधुक झालेत रे, बारक्या. जरा संध्याकाळ झाली की समोरचं काही म्हणता काही दिसत नाही."

बारक्या म्हणजे डॉक्टर. त्यांचं पोट आता टेबलाला टेकत होतं, डोळ्यांचे सर्जन म्हणून नाव झालं होतं, लोक आठवडे आठवडे आधी नंबर लावत होते. पण थोरल्या भावाच्या लेखी ते बारक्याच होते.

"दिवे कसले?" वहिनी मागून धापा टाकत आल्या. "मी कधीची ओरडतेय, अहो पाटी, पाटी! तर मलाच विचारतात, काय लिहिलंय गं तिच्यावर?"

"मग तू वाचून का नाही दाखवलंस?" दादा म्हणाले आणि खुर्चीच्या शेजारच्या हवेत बसायला निघाले. डॉक्टरांनी सवयीनं खुर्ची पायानं सरकवून त्यांच्याखाली आणली.

दादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डाव्यातला तर चांगलाच पिकला होता. हे सगळ्या घराला ठाऊक होतं, दादांनाही ठाऊक होतं, पण मान्य नव्हतं. दादांची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली होती. दुकानदारानं शपथ घेतली तरी तराजू स्वतः उचलून बघायचा, हा त्यांचा बाणा. त्यातून सर्जन पडला धाकटा भाऊ. "लहानपणी यानं घरातलं घड्याळ उघडलं होतं," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "परत जोडलं तेव्हा दोन स्क्रू उरले. आता हा माझा डोळा उघडणार म्हणतो!"

"दादा, आज पाटी होती," डॉक्टर म्हणाले. "उद्या माणूस असेल."

वहिनींनी मान खाली घातली, कारण गाडीत शेजारी बसून रोज हीच भीती त्या पोटात घेऊन फिरत होत्या. दादांनाही ते लागलं असावं, कारण त्यांनी आवाज एकदम चढवला.

"तेच म्हणतोय मी! दिवे नीट असते तर पाटी दिसली असती. तू बघ तरी जाऊन."

डॉक्टर बाहेर जाऊन बघून आले. दादांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दोन्ही हेडलाइट पिवळे, धुरकट झाले होते. आत बल्ब आहे की नाही हेही नीट कळत नव्हतं. डॉक्टरांच्या डोक्यात तिथल्या तिथे बेत शिजला.

"लाव पैज," ते म्हणाले. "दिवे मी साफ करतो. स्वच्छ झालेत की नाही ते तूच तपास. मग दिवेलागणीला दवाखान्यामागच्या आवारात गाडी चालवून दाखव. समोरचं सगळं दिसलं, तर पुन्हा ऑपरेशनचं नाव काढणार नाही. नाही दिसलं, तर मुकाट्यानं टेबलावर आडवा हो."

"आणि तपासणी माझी?"

"तुझी."

"लागली पैज," दादा म्हणाले, आणि हात मिळवायला पुढे केला तो किटलीला लागला.

गाडी आवारातच ठेवून दादा आणि वहिनी चालत घरी गेले. डॉक्टरांनी रात्री मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ बघितला आणि निम्म्यातच बंद केला. त्यात अवघड असं काहीच नव्हतं. हेडलाइटची काच ही काच नसतेच मुळी, प्लास्टिक असतं. कारखान्यातून येताना त्याच्यावर एक पातळ संरक्षक थर असतो. उन्हानं तो थर खराब होतो आणि दिवा पिवळा पडतो. पाणी मारत मारत पॉलिश पेपरनं तो थर खरवडून काढायचा, आधी जाड पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. नंतर मऊ फडक्यानं पॉलिश, आणि शेवटी क्लिअर कोटचा फवारा मारून नवा थर द्यायचा, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा येरे माझ्या मागल्या. जो माणूस रोज जिवंत डोळ्यातला मोतीबिंदू काढतो, त्याला प्लास्टिकचं काय कौतुक? डॉक्टर निवांत झोपले. व्हिडिओच्या उरलेल्या निम्म्या भागात फवारा किती वेळ वाळू द्यायचा ते सांगितलं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी सिस्टरांना फोन केला. "एक केस आहे. डावी बाजू. पूर्ण पिकलाय."

सिस्टर थिएटरमधल्या जुन्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हललेली कुणी पाहिली नव्हती. त्या आल्या, त्यांनी पेशंट बघितला, आणि एक शब्द न बोलता तयारीला लागल्या. हिरव्या कापडावर पॉलिश पेपर क्रमानं मांडले. सलाइनच्या बाटलीत पाणी भरलं. हेडलाइटभोवतीचा रंग खरवडला जाऊ नये म्हणून मध्ये भोक असलेलं थिएटरचं कापड बॉनेटवर पसरून चारी बाजूंनी चिकटपट्ट्या मारल्या. आता गाडीचा फक्त एक डोळा बाहेर दिसत होता. गाडीची किल्ली द्यायला वहिनी आल्या होत्या, त्या वाकून बघायला लागल्या.

"नातेवाईकांनी बाकावर बसायचं," सिस्टर म्हणाल्या. वहिनी मुकाट्यानं बाकावर जाऊन बसल्या.

"आठशे नंबर," डॉक्टरांनी पेपरसाठी हात पुढे केला.

"आठशे." पेपर तळहातावर बसला.

"पाणी."

सिस्टरांनी धार धरली. डॉक्टर घासायला लागले. हात एकदम सरावाचा, आडवा, सारखा दाब. पिवळं पाणी ओघळायला लागलं आणि डॉक्टरांना मजा वाटायला लागली. पण थोड्या वेळानं त्यांनी फडक्यानं दिवा पुसला, तेव्हा बाकावरून वहिनींचा हुंकार ऐकू आला. आतापर्यंत पिवळा होता तो दिवा आता पांढराफटक झाला होता, दुधात बुडवून काढावा तसा.

"भावजी, आधी निदान बल्ब असल्याचा संशय तरी येत होता."

"असंच होतं, वहिनी. जाड पेपरनं आधी धूसर होतंच. पुढे उजळत जातं."

"अगं बाई!" हा आवाज वहिनींचा नव्हता. फाटकात शिवणकामाच्या बाई उभ्या होत्या. बायकांना शिवण शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. अलीकडे सुईत दोरा ओवता येईना म्हणून त्या डॉक्टरांकडे आल्या होत्या आणि उद्या त्यांचं ऑपरेशन होतं. आज डोक्यावरून अंघोळ केली तर चालेल का, एवढंच विचारायला त्या डोकावल्या होत्या. समोर बघतात तर हिरवं कापड, सिस्टर, डॉक्टरांच्या हातात खरखरीत कागद, आणि कापडाच्या भोकातून बघणारं ते पांढरं बुबुळ.

"डॉक्टर," बाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "माझ्या डोळ्यालासुद्धा पॉलिश पेपर लावणार का?"

"छे, छे! बाई, ही गाडी आहे."

"दिसतंय मला. तेवढं दिसतं. पण आधी बरा होता की हो तो. तुम्ही हात लावल्यावर असा झाला." त्या दोन पावलं मागे सरकल्या. "मी म्हणते, उद्या राहू दे. सध्या जाडी सुई वापरीन मी."

डॉक्टरांच्या नावाला आजवर असा धक्का कधी बसला नव्हता. त्यांनी स्वतः पुढे होऊन बाईंना वहिनींच्या शेजारी बसवलं. "अर्धवट बघून जाऊ नका. पूर्ण बघा, आणि मग ठरवा," ते म्हणाले आणि पुन्हा दिव्याकडे वळले. आता दिवा एकट्या भावासाठी राहिला नव्हता, दवाखान्याची अब्रू त्यात अडकली होती.

आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनी कमाल केली. एक पेपर संपला की पुढचा, बारीक, आणखी बारीक. सिस्टरांची पाण्याची धार खंडली नाही. मग पॉलिश आलं, मऊ फडकं आलं, आणि दिवा उजळत गेला. शेवटचा हात फिरला तेव्हा तो असा लखलखीत झाला होता की आतल्या बल्बची बारीक तारसुद्धा दिसावी. बाई उठून जवळ आल्या. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरांनी मान एकदा खाली केली, आणि सिस्टरांच्या बाबतीत हे फार झालं.

"सुरेख," बाई म्हणाल्या. "आता दुसरा करा. मी बसते."

डॉक्टरांचा हात दुसऱ्या दिव्याकडे निघालाही होता, तेवढ्यात सिस्टर खाकरल्या. "सर, बाईंना आपण गेल्या आठवड्यात काय सांगितलंय?"

डॉक्टरांना आठवलं. दोन्ही डोळे एकाच दिवशी करून टाका म्हणून बाईंनी हट्ट धरला होता, आणि डॉक्टरांनी त्यांना चांगलं अर्धा तास समजावलं होतं, की जगातला कुठलाही शहाणा सर्जन असं करत नाही; आधी एक, तो बरा झाला की दुसरा.

"दुसरा आज नाही," डॉक्टर ठामपणे म्हणाले. "एका वेळी एकच."

"अहो भावजी, गाडी आहे ती!" वहिनी म्हणाल्या.

"नियम तो नियम, वहिनी."

बाईंचं पूर्ण समाधान झालं. गाडीच्या बाबतीतही जो माणूस नियम मोडत नाही, त्याच्या हाती डोळा द्यायला हरकत नव्हती. डॉक्टरांनी क्लिअर कोटचा डबा हलवला आणि दिव्यावर एकसारखा फवारा मारला. ओला थर चमकत होता. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि आवारातली धूळ उडाली.

"मग आता पट्टी?" बाईंनी उत्सुकतेनं विचारलं. "उद्या मला लावाल तशीच?"

"तशीच," डॉक्टर म्हणाले. "धूळ जाऊ नये, हात लागू नये, एवढ्याचसाठी. काही दुखत नाही की खुपत नाही. बघा."

त्यांनी हात पुढे केला आणि सिस्टरांनी त्यात गॉजची घडी ठेवली. ती त्यांनी आधीच कापून ठेवली होती. ऑपरेशन झालं की पट्टी, यात इतक्या वर्षांत ना डॉक्टरांना कधी विचार करावा लागला होता, ना सिस्टरांना. गॉज बसलं, त्यावर झाकणी बसली, त्यावर चिकटपट्टीच्या दोन फुल्या. चौघंही जरा मागे होऊन बघत राहिली. गाडी दिसत होती मोठी समजूतदार.

"उद्या सकाळी उघडू," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

सोमवारी सकाळी त्यांनी फुल्या काढल्या, झाकणी काढली, आणि गॉजला हात घातला. गॉज हललं नाही. त्यांनी जरा ओढलं. गाडीची पुढची बाजू किंचित वर उचलल्यासारखी वाटली, पण गॉज हललं नाही. रात्रभरात क्लिअर कोट वाळून कडक झाला होता आणि गॉज त्याच्या पोटात शिरून बसलं होतं.

"सिस्टर," डॉक्टर हळूच म्हणाले.

सिस्टर आल्या. त्यांनी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ पहिल्यांदाच हलली.

दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा गॉज फाटत फाटत निघालं, पण अर्धंच. मागे सगळ्या दिव्यावर कापडाच्या विणीची जाळी उमटली होती, आणि जागोजागी धागे थरात रुतून उभे राहिले होते. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. त्यानं जाळी गेली नाही, मधला भाग मात्र चिकट, पांढुरका झाला.

"पुन्हा आठशेपासून," डॉक्टर म्हणाले. त्यांचा विश्वास ढळला नव्हता. "तासाभराचं काम."

पण फाटक वाजलं आणि बाई आल्या, सोबत लेक, जावई आणि फराळाचा डबा. त्यांचा नंबर पहिला होता म्हणून त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या, आणि बसल्या त्या नेमक्या आवाराकडच्या खिडकीशी. "ती गाडी दाखवते तुला," त्या लेकीला सांगत होत्या. "पट्टी सोडली असेल आता."

दिव्याची ही दशा बाईंच्या नजरेला पडली असती तर त्या जाड्या सुईकडे कायमच्या परतल्या असत्या. सिस्टरांनी प्रसंग ओळखून हिरवं कापड झर्रकन गाडीच्या तोंडावर टाकलं. "विश्रांती," त्यांनी खिडकीतून बाईंना सांगितलं. बाईंनी समजून मान डोलवली.

बाईंचं ऑपरेशन उत्तम झालं. त्यांच्यानंतरची पण सगळी उत्तम झाली. पण बाईंचे लेक-जावई खिडकीपासून हलायला तयार नव्हते आणि थिएटर दिवसभर रिकामं होत नव्हतं, त्यामुळे गाडीला हात लावणं काही जमलं नाही. दादांना संध्याकाळी उशिराची वेळ दिली होती, एवढाच काय तो आधार. शेवटचा पेशंट बाहेर पडताच डॉक्टर आणि सिस्टर चिमटे घेऊन आवारात धावले. डॉक्टरांनी डोक्याला भिंग बांधलं आणि दिव्यासमोर मांडी ठोकून ते एकेक धागा उपटायला लागले.

"काय चाललंय?"

डॉक्टरांच्या हातातला चिमटा पडला. दादा मागे उभे होते, शेजारी वहिनी. ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी आले होते. डॉक्टरांनी खरं तर हे ओळखायला हवं होतं. सांगून ठेवलेल्या वेळेला तपासणीला गेलं तर सगळे तराजू बरोबरच सापडतात, हे दादांनी नोकरीत शिकून घेतलं होतं.

वहिनींनी दिव्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. डॉक्टर उठून उभे राहिले. पैज संपली, हे त्यांना कळून चुकलं. असला दिवा दादा पास करणं शक्य नव्हतं, आणि आता पुढचं वर्षभर ते ऑपरेशनचा विषय काढू देणार नव्हते.

"दादा, खरं सांगू का, हा डावा जरा—"

"तू गप्प बस. तपासणी चालू असताना दुकानदारानं बोलायचं नसतं."

दादा हात पाठीमागे बांधून पुढे झाले. आधी उजव्या दिव्यापाशी वाकले. या दिव्याला कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं; तो शनिवारी होता तितकाच पिवळा आणि तितकाच धुरकट होता. दादांनी तो अगदी नाक टेकवून, या कडेपासून त्या कडेपर्यंत तपासला.

"हं," ते म्हणाले. "हा छान निघालाय."

वहिनींचा पदर तोंडावरून खाली आला. दादा सरकत सरकत डाव्या दिव्यापाशी आले. तिथे कापडाची जाळी होती, मधोमध पांढरा डाग होता, वर चार-पाच धागे वाऱ्यावर हलत होते. दादा वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"आणि हा तर त्याहून सरस," ते म्हणाले. "मानलं तुला, बारक्या. एकदम कोरा करकरीत. दोन्ही पास."

हसू यायला हवं होतं, पण डॉक्टरांनी खाली पडलेला चिमटा उचलून खिशात घातला. त्यांनी दादांच्या डोळ्यांत कितीदा बॅटरी मारून बघितली होती, कागदावर आकडे लिहिले होते; पण आपल्या भावाला इतकं कमी दिसतं, हे त्यांना या क्षणापर्यंत खऱ्या अर्थानं कळलं नव्हतं. ज्या माणसाच्या नजरेतून कधी गुंजभर वजन सुटलं नाही, तो वीतभर अंतरावरचा धागा बघू शकत नव्हता.

"मग बसायचं गाडीत?" दादा म्हणाले. "अंधार पडतोच आहे."

दादा चालवायला बसले, डॉक्टर शेजारी. वहिनींना कुणी बसू दिलं नाही. मागे सिस्टर बसल्या. दिवे लागले. उजवा पिवळट आणि डावा दुधट, असा एक मिणमिणता पट्टा आवारावर पडला. पलीकडे थिएटरचे धुतलेले कपडे दोरीवर वाळत होते. दादांनी गाडी गोगलगायीच्या चालीनं पुढे घेतली, आणि एकदम ब्रेक लावून हॉर्न वाजवला.

"सिस्टर!" त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "जरा बाजूला व्हा. गाडी येतेय."

कुणी बाजूला झालं नाही. दादांनी पुन्हा हॉर्न वाजवला. "अहो सिस्टर, असे हात पसरून काय उभ्या राहिलात?"

"मी इथे मागे बसलेय, दादासाहेब," सिस्टर म्हणाल्या. "तो माझा गाऊन आहे."

दादांनी मान वळवून मागे बघितलं, मग पुढे बघितलं. मग त्यांनी गाडी बंद केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते त्या गाऊनकडे बघत राहिले.

"दादा," शेवटी डॉक्टरांना राहवेना. "दिव्यांचं म्हणशील तर—"

"दिव्यांत खोट नाही," दादा म्हणाले. "दिवे मी स्वतः पास केलेत." त्यांनी किल्ली काढून धाकट्या भावाच्या हातावर ठेवली. "उद्या किती वाजता येऊ?"

डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात इतक्या सावधपणे ऑपरेशन केलं नव्हतं. हात नेहमीसारखाच चालत होता, पण सिस्टरांच्या लक्षात आलं, की सर आज शीळ घालत नाहीत. "स्क्रू मोजून ठेव रे," टेबलावरून दादा बजावत होते. "उरला तर मला दाखवायचा." डावा डोळा झाला. पट्टी लागली. या वेळी ती जिथे लावायची तिथेच लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढताना वहिनी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. दादांनी डोळा मिचकावला, उघडला, आणि वहिनींकडे बघत राहिले. वहिनींनी घाबरून विचारलं, "अहो, काय झालं?"

"ही साडी निळी आहे?"

"निळीच आहे. तुम्हीच आणली होतीत."

"मी आजवर हिरवी समजत होतो," दादा म्हणाले. "निळी छान दिसते तुला." वहिनी उगीचच चादर नीट करायला लागल्या, आणि चादर नीटच होती.

सिस्टरांनी काळा चष्मा चढवला, वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, गाडी इतक्यात चालवायची नाही, सगळं दोनदा सांगितलं. दादा वहिनींचा हात धरून बाहेर पडले. डॉक्टर खिडकीतून त्यांच्या चालण्याकडे बघत होते. पायरीवर ते अडखळले नाहीत. कुंडीला वळसा घालून गेले. आवारात गाडी उभी होती, तिच्याजवळून पुढे गेले, थांबले, आणि परत आले.

"बारक्या! बाहेर ये आधी!"

तो आवाज ऐकून बाकावरचे पेशंट दचकले. डॉक्टर धावत सुटले. मागून सिस्टर.

दादा डाव्या दिव्यासमोर उकिडवे बसले होते. काळा चष्मा कपाळावर चढला होता.

"दादासाहेब, वाकायचं नाही! चष्मा!" सिस्टर ओरडल्या.

"चष्मा गेला खड्ड्यात. हे काय आहे?" दादांनी दिव्यावर बोट ठेवलं.

"काय आहे, दादा?"

"जाळी आहे! कापडाची जाळी छापलीय सगळीकडे. मध्ये हा डाग. हा इथे धागा. हा दुसरा, हा तिसरा. आणि हा बघ, हा पार आत रुतलाय, बारीक, आडवा!" दादा उठून उजव्या दिव्याकडे गेले. "आणि याला तर तू शिवलेलासुद्धा नाहीस! पिवळाजर्द आहे!"

"अजून काय दिसतंय?" डॉक्टरांचा आवाज विचित्र झाला होता.

"अजून? इथे कोपऱ्यात तुझ्या अंगठ्याचा ठसा उमटलाय. रेघा दिसताहेत रेघा! असले दिवे मी पास केले? सगळ्या नोकरीत माझ्या हातून असं झालं नव्हतं. आणि तू हसतोस काय?"

डॉक्टर हसत होते आणि त्यांचे डोळेही वाहत होते. ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. सिस्टर दुसरीकडे बघायला लागल्या.

"तू फसवलंस मला," दादा म्हणाले. "हे दिवे स्वच्छ झालेच नव्हते. म्हणजे पैज तू हरलास."

"हरलो."

"म्हणजे माझं ऑपरेशन करायचं काही कारणच नव्हतं."

"अजिबात नव्हतं."

"अहो, पण आता झालंय ना ते?" वहिनी म्हणाल्या.

"झालंय ते झालंय. पण उजवा डोळा याला मिळायचा नाही." दादांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. "आधी हे दोन्ही दिवे. पहिल्यापासून. आणि या खेपेला मी इथे खुर्ची टाकून बसणार. एकेक पेपर माझ्यासमोर घासायचा. कुठे काय करतोस ते सगळं मी बघणार."

"बघ ना, दादा," डॉक्टर म्हणाले. "सगळं बघ." आणि खुर्ची आणायला ते स्वतःच आत पळाले.